खडीच्या पोटातली रत्ने

धनत्रयोदशीला गुंजभर का होईना, सोने घरात यावे अशी आपली जुनी समजूत आहे. ज्याला सोने झेपत नाही तो चांदीचे नाणे घेतो, आणि ज्याला तेही झेपत नाही तो पितळेची वाटी घेऊन लक्ष्मीची समजूत काढतो. नेमक्या त्याच दिवसांत घरातली पोरे मात्र दगडमातीच्या मागे लागलेली असतात. किल्ला करायचा असतो ना! अंगण असले तर अंगणात, नसले तर जिन्याखालच्या कोपऱ्यात घमेली रिकामी होतात, बुरूज उठतात, अळीव पेरले जातात. मोठ्यांचे धन तिजोरीत आणि धाकट्यांचे घमेल्यात! आज वाचकांशी बोलायचे आहे ते या घमेल्यातल्या धनाविषयी. मुंबईच्या उपनगरांचा इतिहास सोन्यापेक्षा दगडाने अधिक घडवला आहे, आणि त्या दगडाच्या पोटात काय काय होते हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक आहे.

मी अंधेरीकडचा एक शाळामास्तर. शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे, कादंबऱ्या लिहितो तो निव्वळ हौसेचा भाग. भूगर्भशास्त्र मी कॉलेजात शिकलो नाही. जे कळले ते पुस्तकांतून, संग्रहालयांच्या काचांतून आणि पोरांच्या प्रश्नांतून. गेल्या वर्षी सहामाही परीक्षा संपल्यावर वर्गातली आठदहा मुले माझ्याभोवती जमली आणि म्हणाली, "सर, परदेशात लोक सुट्टीत डोंगरात जाऊन स्फटिक खणतात, नदीत परात घेऊन सोने गाळतात. आपणही जाऊ या की!" बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातून दगडच काय, वाळके पानही उचलायची मुभा नाही आणि बंद पडलेल्या खाणींत मुलांना नेणे धोक्याचे, हे मी त्यांना सांगितले. पण त्यांचा हिरमोडही करवेना. शेवटी ठरले असे, की कुदळ न घेता खणायला निघायचे. आधी डोंगर पाहायचा, मग त्या डोंगराचे दगड कोठे गेले ते पाहायचे, आणि सोन्याचाही माग काढायचा.

पहिला मुक्काम घरापाशीच होता. अंधेरी पश्चिमेला इमारतींच्या गर्दीतून एक काळाकभिन्न कातळ सरळसोट वर आला आहे. त्याची उंची सुमारे २०० फूट, म्हणजे ६१ मीटर. नकाशात त्याचे नाव गिल्बर्ट हिल. भोवतालच्या वस्तीत मात्र गावदेवी डोंगरी हेच नाव चालते, कारण माथ्यावर गावदेवीचे देऊळ आहे. कातळाला लागून चढत जाणाऱ्या पायऱ्यांनी वर गेलो, देवीला नमस्कार केला आणि घाम पुसत मुलांना डोंगराची जन्मकथा सांगितली.

सहा ते साडेसहा कोटी वर्षांपूर्वी आपल्या या दख्खनच्या भूमीला भेगा पडल्या आणि त्यांतून तप्त शिलारस वाहू लागला. एक थर निवाला की त्यावर दुसरा, त्यावर तिसरा. आज जवळजवळ पाच लाख चौरस किलोमीटरांचा प्रदेश या थरांखाली आहे. आपली सह्याद्रीची रांग, रायगडाचे कडे, वेरूळची लेणी, सारे या एकाच काळ्या दगडाचे. शास्त्रज्ञ त्याला बेसॉल्ट म्हणतात. तळ्यातला चिखल वाळला की त्याला पाचसहा कोनी भेगा पडतात, हे मुलांनी पाहिलेले होते. शिलारसाचा जाड थर सावकाश निवताना तसाच आकसतो आणि भेगा खोलवर जाऊन उभे खांब तयार होतात. गिल्बर्ट हिल हा अशाच खांबांचा जुडगा आहे. अमेरिकेत वायोमिंग राज्यात डेव्हिल्स टॉवर नावाचा असाच खांबांचा सुळका आहे आणि तो पाहायला लोक शेकडो मैलांवरून येतात. आपल्या अंधेरीचा सुळका पाहायला रिक्षा पुरते!

"पण सर, हा एकटाच का उरला?" एका मुलीने विचारले. प्रश्न मोलाचा होता. एकटा तो नव्हताच. तो एका लांब धारेचा अवशेष आहे. जोगेश्वरीकडेही असेच खांब होते. ते खाणवाल्यांनी फोडून नेले. याचेही अंग सुरुंगांनी चहूकडून तासले गेले आहे. १९५२ साली त्याला कायद्याचे संरक्षण मिळाले आणि २००७ साली मुंबई महापालिकेने त्याला वारसा म्हणून मान्यता दिली. एवढे होईपर्यंत वस्ती त्याच्या पायाशी येऊन टेकली होती. ज्याला कोट्यवधी वर्षांच्या पावसाने हलवले नाही, त्याला माणसाने शेदीडशे वर्षांत इतका बारीक करून टाकला.

आता रत्नांकडे वळू. दिवाळीच्या दिवसांत दाखला द्यायला अनारसा बरा. तुपात पडताच पिठातली वाफ बाहेर यायला पाहते आणि अनारशाला जाळी पडते. शिलारसाचेही तसेच. त्यातले वायू वर येऊ पाहतात, थर निवला की त्यांचे बुडबुडे आतच अडकतात आणि दगडाला पोकळ्या राहतात. कोणती मोहरीएवढी, कोणती घागरीएवढी, तर एखादी माणूस आत बसेल एवढी. पुढे हजारो-लाखो वर्षे गरम पाणी त्या दगडातून झिरपते, त्यातला चुना, सोडा आणि वाळूचा अंश विरघळवून आणते आणि पोकळीच्या भिंतीवर कणाकणाने बसवते. अंधारात, कोणी पाहत नसताना, तेथे स्फटिकांची बाग फुलते. कोठे पांढऱ्या सुयांचे झुबके, कोठे मोरपिसासारखे पंखे, कोठे काचेसारखे चौकोनी मनोरे. आपण सरसकट साऱ्यांना गारगोटी म्हणतो, पण यांतली पुष्कळशी खनिजे जिओलाइट या कुळातली. हे नाव स्वीडनच्या क्रोनस्टेट नावाच्या खनिजशास्त्रज्ञाने १७५६ साली दिले. त्याने असा एक दगड तापवून पाहिला, तर आतल्या पाण्याची वाफ होऊन तो उकळल्यासारखा फुगू लागला. म्हणून ग्रीक भाषेतून नाव घेतले, 'उकळणारा दगड'.

दख्खनच्या या बागांचा सुगावा युरोपला बऱ्याच आधी लागला होता. पुण्याकडून गेलेल्या एका सुईदार खनिजाला तेथल्या तज्ज्ञाने १८३१ साली 'पुनालाइट' असे नावच देऊन टाकले. पुढे ते ओळखीच्याच खनिजाचा प्रकार निघाले आणि पुण्याचा मान हुकला. मग आली आगगाडी. १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली आणि १८५६ पासून बोरघाट फोडायला सुरुवात झाली. २५ बोगदे खणायचे, तेही बहुतेक हातांनी, छिन्नीने आणि बारुदाने. एका वेळी चाळीस हजारांवर माणसे त्या घाटावर राबत होती. पटकी आणि ताप यांनी किती मेली त्याची धड मोजदादही नाही. १८६३ साली घाट खुला झाला. त्या बोगद्यांच्या दगडांतून ॲपोफिलाइटचे पाणीदार स्फटिक निघाले आणि इंग्लंडातल्या संग्रहांत जाऊन बसले. घाटाच्या इतिहासात मुख्य इंजिनियर बर्कले याचे नाव आहे. कंत्राटदार ट्रेडवेल मध्येच वारला आणि त्याच्या पत्नीने, ॲलिसबाईने, काम तडीस नेले, हेही नोंदलेले आहे. पण ज्याच्या सुरुंगाने पोकळी उघडली आणि ज्याच्या डोळ्यांना तो लखलखाट पृथ्वीवर प्रथम दिसला, तो माणूस कोण होता? त्याचे नाव कोठेच नाही. हा प्रश्न माझ्या मनात तेव्हापासून घर करून आहे.

उपनगरांतल्या खाणींची गोष्टही अशीच. मुंबई बेट वाढू लागले तसा त्याला दगड हवा झाला, आणि तो कुर्ला, मालाड, कांदिवली येथून गेला. मुलांना घेऊन मी फोर्टात उतरलो तो हे दाखवायलाच. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाची, म्हणजे पूर्वीच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमची, कोनशिला १९०५ साली बसली. ती सारी इमारत कुर्ल्याच्या करड्या बेसॉल्टची आणि मालाडच्या पिवळसर दगडाची आहे. १८७८ साली पुरा झालेला राजाबाई टॉवरही कुर्ल्याच्याच दगडाचा. मोठ्या पोस्टाच्या काळ्या भिंतींना पिवळी किनार आहे, तीही कुर्ल्याची. मालाडहून येणाऱ्या एका मुलाने संग्रहालयाच्या भिंतीवर हात ठेवला आणि म्हणाला, "म्हणजे सर, आमचा डोंगर इथे राहायला आलाय!" यापेक्षा चांगले उत्तर मला परीक्षेतही मिळालेले नाही.

कांदिवलीचा डोंगर तर समुद्रातच गेला. १९२० नंतर बॅक बेचा समुद्र हटवून जमीन करायचे काम सुरू झाले, तेव्हा भिंतीसाठी आणि भरावासाठी कांदिवलीच्या खाणीचा दगड रेल्वेच्या वाघिणींतून आणला जाई. त्या कामात पैशाची उधळपट्टी झाली म्हणून वकील नरीमन यांनी आवाज उठवला, खटला झाला, चौकशी समिती नेमली गेली. नरीमन पॉइंट हे नाव आज साऱ्या मुंबईच्या तोंडी आहे. कांदिवलीच्या डोंगराचे मात्र कोणालाच आठवत नाही. मरीन ड्राइव्हवर संध्याकाळचे भेळ खात बसणाऱ्यांनी एवढे जरूर ध्यानात ठेवावे, की समुद्राला थोपवण्यात एका उपनगरी टेकडीचाही वाटा आहे.

पुढे चाळी, मग सोसायट्या, मग उड्डाणपूल. डबर आणि खडीची भूक वाढतच गेली. मी लहान असताना दुपारच्या वेळी दुरून सुरुंगाचा धडाका ऐकू येई आणि फळीवरची भांडी किणकिणत. त्याच सुरुंगांनी मालाड आणि कांदिवलीच्या खाणींत स्फटिकांच्या पोकळ्याही उघडल्या. तेथला प्रेहनाइट जगभरच्या संग्राहकांना ठाऊक आहे. फिकट हिरवा, मण्यांचे घोस लगडल्यासारखा. लॉमोंटाइट नावाचे एक पांढरे खनिजही तेथे सापडे. त्याचा स्वभाव मोठा नाजूक. हवेवर आला की त्यातले पाणी उडून जाते आणि बघता बघता त्या देखण्या स्फटिकाचे पीठ होते. मुंबईच्या खाणींतला ओकेनाइट तर पिंजलेल्या कापसाच्या गोळ्यासारखा. दगड आहे हे सांगूनही पटत नाही.

आता या नावांकडे जरा बघा. प्रेहनाइट हे नाव १७८८ साली फॉन प्रेहन नावाच्या डच कर्नलावरून पडले. ओकेनाइट हे नाव जर्मन पंडित ओकेन यांच्यावरून. नावे ठेवणाऱ्यांचा मी मत्सर करत नाही. ज्याने खनिज ओळखले त्याने बारसे करावे, हे रीतीला धरूनच आहे. पण बारशाला घरच्या कोणालाच बोलावू नये, हे काही बरे नव्हे.

खाणीत फोडणारे बहुतेक वडार आणि पाथरवट. पहार, घण, सुतकी हीच त्यांची शस्त्रे. माझ्या एका विद्यार्थ्याचे आजोबा त्यांतलेच. आमच्या सहलीची गोष्ट नातवाकडून ऐकून ते एके दिवशी शाळेत आले. धुळीने छातीत घर केलेले. जिना चढताना दोनदा थांबले. धोतराच्या फडक्यात गुंडाळलेले काही तरी त्यांनी माझ्या टेबलावर ठेवले. फडके सोडले तर आत मुठीएवढा प्रेहनाइट, हिरव्या द्राक्षांचा घडच जणू.

"मास्तर, मालाडच्या खाणीतला हाय. पन्नास वर्सं झाली," ते म्हणाले. "सुरुंग उडाला, धूळ बसली, आन् बघतो तर भोकात समदी हिरवी द्राक्षं! आम्ही चौघं होतो. कुणी हात लावंना. आधी वाटलं देवीचं ठाणं हाय."

"मग काय केलंत, बाबा?"

"मुकादम वरडला, का खडी मोजून घ्यायची हाय, दगड बघत बसू नका. मग काय, घातला घण. हा तेवढा तुकडा मी डब्यात लपवला. मागनं एक शेठ यायला लागला, पाच-धा रुपयं द्यायचा एका दगडाला. बाकीचा माल गेला खडीत. त्या वर्साला तिकडं रस्ता झाला बघा, त्याच्या पोटात असंल."

मी विचारले, "बाबा, हा विकला का नाही मग?"

ते हसले. "मास्तर, जन्मभर दगड फोडला. एक तरी सबूत राहू दे म्हटलं."

या उत्तरावर मला काही बोलता आले नाही.

मुलांना सोन्याचाही माग हवा होता, हे मी विसरलो नव्हतो. दहिसर, पोयसर, ओशिवरा आणि मिठी या आपल्या चारही नद्या त्याच काळ्या कातळाच्या डोंगरातून येतात. बेसॉल्टात सोने हाती लागण्याइतके नसते. ते सापडते फार प्राचीन खडकांत, गारेच्या शिरांतून. कोलारची खाण अशाच खडकात होती. ती २००१ साली बंद झाली. आपल्या राज्याच्या पूर्व टोकाला, गोंदियाकडे, तसे जुने खडक आहेत आणि तेथे नदीची वाळू लाकडी परातीत धुऊन सोन्याचे कण वेचणारी सोनझारी ही जमात पिढ्यान् पिढ्या तो धंदा करत आली. त्यातले मर्म साधे आहे. वाळू पाण्याच्या अडीचपट जड, तर सोने एकोणीसपट. परात फिरवली की हलके वाहून जाते आणि जड तळाशी राहते. दिवसभर कमरेत वाकून पाण्यात उभे राहावे तेव्हा गव्हाच्या दाण्याएवढेही हाती लागेल याची शाश्वती नाही.

पण नदी नसतानाही सोने गाळणारी माणसे मुंबईत होती आणि आहेत. मराठीत त्यांना झारेकरी म्हणतात. दुसरे नाव धूळधोये. सोनाराच्या दुकानातला केर ते विकत घेत, तो जाळून, धुऊन, उरलेल्या गाळात पारा घालून सोने पाऱ्यात धरत आणि मग पारा आगीवर उडवून देत. हातात कण येई आणि पाऱ्याचा धूर छातीत जाई. झवेरी बाजारात पहाटे जा. दुकाने उघडण्याआधी ब्रश आणि सुपली घेऊन रस्त्याच्या कडेची, गटाराच्या तोंडाची धूळ गोळा करणारी माणसे आजही दिसतील. आम्ही पोचलो तेव्हा एक बाई फरशीच्या फटीतली माती तारेने उकरत होत्या. मुलांनी विचारले, "मावशी, सापडतं का सोनं?" त्या म्हणाल्या, "बाळांनो, रोज सापडलं असतं तर मी इथं असते का? पण नाही सापडत असंही नाही."

तेथून परत येताना एक मुलगी हळूच म्हणाली, की तिचे वडील अंधेरीच्या सीप्झमध्ये दागिन्यांच्या कारखान्यात कामाला आहेत. १९७३ साली मरोळजवळ ही निर्यातीची वसाहत झाली आणि पुढे तेथे दागिन्यांचे कारखाने आले. अशा कारखान्यांतून जमिनीचा केर, हात धुतलेले पाणी, अंगातले झगे, सारे जपून ठेवून त्यातले सोने परत मिळवतात. "बाबा म्हणतात, आमच्या हाताच्या पाण्यालासुद्धा भाव आहे, फक्त तो आमचा नाही." ती हे अगदी सहज बोलून गेली. मुले हसली, मला मात्र ते खाणीतल्या बाबांच्या शेजारचेच वाक्य वाटले. अंधेरीत सोन्याची नदी नाही असे मी सकाळी सांगितले होते; संध्याकाळपर्यंत तिचा उगम आम्हांला सापडला होता, आणि काठावर कोण उभे आहे तेही दिसले होते.

उपनगरांतल्या खाणी एकामागून एक बंद झाल्या. कोठे तळी झाली, कोठे मनोरे उभे राहिले. स्फटिकांचा व्यापार आता पुणे, नाशिक, जळगाव, औरंगाबाद म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, या बाजूंच्या विहिरी आणि खाणींवर चालतो. पुण्याजवळ वाघोलीच्या खाणीतून निघणारा निळाभोर कॅव्हनसाइट साऱ्या जगात मागितला जातो. नाशिक जिल्ह्यात सिन्नरला एका माजी नौसैनिकाने 'गारगोटी' याच नावाने खास संग्रहालय उभे केले आहे. मुलांना घेऊन अवश्य जावे असे ते ठिकाण आहे. नुसते बघून यायचे नाही, काचेखालची पट्टीही वाचायची. खनिजाचे नाव असते, गाव असते, बहुधा देणाऱ्याचेही नाव असते. सापडवणाऱ्याचे कोठे दिसते का, ते शोधायचे. लंडनपासून मुंबईपर्यंत जेथे जेथे आपले दगड मांडले आहेत तेथे हा शोध घेता येईल.

आमच्या शाळेत मोठे संग्रहालय नाही. विज्ञानाच्या खोलीत एक जुने काचेचे कपाट आहे. बाबांनी आपली ती हिरवी द्राक्षे त्यातच ठेवायला दिली. पट्टी कशी लिहायची यावर वर्गात तासभर वाद झाला. एक जण म्हणाला, आधी शास्त्रीय नाव हवे; दुसरा म्हणाला, आधी ठिकाण. शेवटी मुलांनी ठरवले ते असे. पहिल्या ओळीत ज्याने दगड फोडला त्याचे संपूर्ण नाव, दुसऱ्या ओळीत 'मालाडची खाण', आणि तिसऱ्या ओळीत 'प्रेहनाइट'. डच कर्नलसाहेब थोडे खाली बसले आहेत, पण मला वाटते त्यांना ती जागा पुरेल.